जुन्या प्रोग्रॅममध्ये फाइलचा पूर्ण पाथ कसा काढायचा

नवीन नोकरीत रुळायच्या आतच कुणीतरी एखादा जुना प्रोग्रॅम गळ्यात मारतं. पतसंस्थेचं खातेवहीचं सॉफ्टवेअर असतं, वजनकाट्याच्या पावत्यांचा प्रोग्रॅम असतो, नाहीतर दवाखान्याची बिलं. लिहिणारा कधीच सोडून गेलेला असतो आणि भाषा व्हिज्युअल बेसिक ६ (थोडक्यात व्हीबी-६) किंवा फॉक्सप्रो असते. पहिली तक्रार बहुतेक ठरलेली: ‘सेव्ह झालं म्हणतोय, पण फाइल सापडत नाही.’ किंवा फाइल डोळ्यांसमोर दिसत असताना प्रोग्रॅम म्हणतो, ‘फाइल नॉट फाउंड’. दोन्हींचं मूळ एकच आहे. प्रोग्रॅमच्या मनातला पूर्ण पाथ, म्हणजे ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा पत्ता, वेगळा आहे आणि तुमच्या मनातला वेगळा. त्याच्या मनातला कसा काढून घ्यायचा, ते इथे क्रमाने सांगतो.

फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे आणि वाचायला सोपी जावीत म्हणून तोडून लिहिली आहेत. कोडमध्ये ती सलग आणि इंग्रजी स्पेलिंगने येतात.

पायरी १: कोड उघडण्याआधी फाइल हाताने शोधा

कमांड प्रॉम्प्ट उघडा, ड्राइव्हच्या मुळाशी जा आणि हे द्या:

डिर खाते.डीबीएफ /एस /बी

‘एस’मुळे खालच्या सगळ्या डिरेक्टऱ्या धुंडाळल्या जातात आणि ‘बी’मुळे बाकी मजकूर गळून प्रत्येक ओळीवर फक्त पूर्ण पाथ उरतो. हे दोन्ही स्विच विंडोजच्या आधीच्या एमएस-डॉसमध्ये, त्याच्या ५.० आवृत्तीत, म्हणजे १९९१ साली आले. त्याआधीची मंडळी ‘चेकडिस्क /व्ही’ चालवून डिस्कवरच्या सगळ्या फाइलींचे पाथ पडद्यावरून धावत जाताना बघायची. लपवलेल्या फाइली साध्या ‘डिर’ला दिसत नाहीत, त्यासाठी ‘/ए’ जोडा.

एकाच नावाच्या दोन-तीन फाइली निघाल्या, तर अर्धं काम झालंच. तारखा आणि आकार बघा. आजची तारीख ज्या प्रतीवर आहे, तिथेच प्रोग्रॅम लिहितोय. लोक कोडमध्ये तासभर घालवतात आणि हे दोन मिनिटांचं काम टाळतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

सोर्स कोड हरवलाय आणि हातात फक्त ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची तयार, चालणारी फाइल आहे, अशी वेळ सर्रास येते. तेव्हा मायक्रोसॉफ्टचं प्रोसेस मॉनिटर हे मोफत साधन वापरा. फिल्टरमध्ये प्रोसेसचं नाव टाका, प्रोग्रॅममध्ये ‘सेव्ह’ दाबा आणि यादी थांबवा. त्या क्षणी प्रोग्रॅमने ज्या ज्या फाइलला हात लावला, तिचा पूर्ण पाथ ‘पाथ’ या रकान्यात दिसतो. जिथे गेला पण सापडलं नाही, तिथे ‘नेम नॉट फाउंड’ किंवा ‘पाथ नॉट फाउंड’ असा शेरा असतो. प्रोग्रॅम फाइल कुठे कुठे शोधत फिरला, हे या दोन शेऱ्यांवरून उलगडतं.

पायरी २: फाइलला स्वतःचा पाथ ठाऊक नसतो, हे डोक्यात पक्कं करा

नवीन माणूस विचारतो, ‘फाइल तर उघडलीये, मग तिलाच विचारलं की तू कुठे आहेस, तर?’ प्रश्न रास्त आहे, पण जुन्या जगात त्याला उत्तर नाही.

डिस्कवर फाइली मांडायच्या डॉसच्या ‘फॅट’ पद्धतीत प्रत्येक फाइलसाठी डिरेक्टरीत ३२ बाइटची एक नोंद असते. त्यात नावासाठी ८ आणि एक्स्टेन्शनसाठी ३ बाइट, शिवाय तारीख, वेळ, आकार आणि डिस्कवर पहिला भाग कुठे आहे त्याचा आकडा. आपण कुठल्या डिरेक्टरीत आहोत, हे त्या नोंदीत कुठेच नसतं. मुळापासून एकेक डिरेक्टरी उतरत गेलं की वाटेत जी नावं लागतात, ती जोडून पाथ तयार होतो. फाइल उघडल्यावर प्रोग्रॅमच्या हातात फक्त हँडल उरतं, एक छोटा आकडा. त्या हँडलवरून पाथ परत मिळवायचं अधिकृत फंक्शन विंडोजमध्ये थेट व्हिस्टा या आवृत्तीबरोबर आलं. म्हणजे व्हीबी-६ बाजारात आलं १९९८ साली, तेव्हा ही सोय नव्हतीच.

यातून एकच सवय लावून घ्यायची. पूर्ण पाथ हातात असतो तेव्हाच, म्हणजे फाइल उघडण्याआधी, तो व्हेरिएबलमध्ये पकडून ठेवायचा. नंतर मागाल तर अंदाजच मिळेल.

पायरी ३: प्रोग्रॅमचं घर कुठे आणि तो उभा कुठे, हे वेगळं करा

माणसाचं घर सदाशिव पेठेत असतं आणि आत्ता तो दादरच्या फलाटावर उभा असतो. प्रोग्रॅमचंही तसंच. ईएक्सई ज्या डिरेक्टरीत ठेवलेली आहे ते त्याचं घर. ते चालू असताना बदलत नाही. आणि ‘करंट डिरेक्टरी’, म्हणजे चालू डिरेक्टरी, ही तो उभा असलेली जागा. ती केव्हाही बदलू शकते.

कोडमध्ये नुसतं ‘खाते.टीएक्सटी’ लिहिलं, की ती फाइल घरात नाही, चालू डिरेक्टरीत शोधली जाते. बहुतेक वेळा दोन्ही जागा एकच निघतात. शॉर्टकट त्याच फोल्डरमधून बनवलेला असतो, त्याच्या ‘स्टार्ट इन’मध्ये तेच फोल्डर असतं, म्हणून वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चालतं. मग कुणीतरी डेस्कटॉपवर नवा शॉर्टकट करतं, ‘स्टार्ट इन’ बदलतं, किंवा रात्रीचा बॅकअप टास्क शेड्युलरला लावतं. शेड्युलरमधला ‘स्टार्ट इन’ रिकामा ठेवला, तर चालू डिरेक्टरी विंडोजची ‘सिस्टिम३२’ होते आणि प्रोग्रॅम आपल्या फाइली तिथे शोधत बसतो.

डॉसमुळे यात आणखी एक गुंता आहे. उप-डिरेक्टऱ्या एमएस-डॉस २.० मध्ये, १९८३ साली आल्या, आणि तेव्हापासून प्रत्येक ड्राइव्हची चालू डिरेक्टरी स्वतंत्र. त्यामुळे ‘सी:\खाते.टीएक्सटी’ आणि ‘सी:खाते.टीएक्सटी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सी ड्राइव्हच्या मुळाशी, तर दुसरी सी ड्राइव्हवर सध्या जी डिरेक्टरी चालू असेल तिथे. मधला बॅकस्लॅश गळाला तरी एरर येत नाही, म्हणून हा घोळ महिनोन् महिने लपून राहतो.

पायरी ४: टर्बो सी किंवा निव्वळ डॉसचा प्रोग्रॅम असेल तर

आपल्याकडच्या कॉलेजांत टर्बो सी++ ३.० पुष्कळ वर्षं शिकवलं गेलं. नंतर नंतर तर डॉसबॉक्समध्ये, म्हणजे विंडोजवर जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवून. त्यामुळे हा भाग अनेकांच्या ओळखीचा असेल.

चालू डिरेक्टरीसाठी ‘गेट सीडब्ल्यूडी’ हे फंक्शन, हेडर ‘डिर.एच’. बफरचा आकार ‘मॅक्सपाथ’ घ्या, टर्बो सीमध्ये त्याची किंमत ८० आहे. घरचा पत्ता हवा असेल तर ‘मेन’ला येणाऱ्या आर्ग्युमेंटांतलं शून्यावं बघा, ‘आर्गव्ही[०]’. डॉस ३.० पासून पुढे त्यात ईएक्सईचा पूर्ण पाथ असतो, त्याआधीच्या डॉसमध्ये तो मिळत नसे. त्या पाथचे तुकडे पाडायला ‘एफएन स्प्लिट’ आहे. ते ड्राइव्ह, डिरेक्टरी, नाव आणि एक्स्टेन्शन वेगवेगळं करून देतं. परत जोडायला ‘एफएन मर्ज’. अर्धवट नावाचा पूर्ण पाथ करायचा तर ‘_फुलपाथ’. टर्बो पास्कलवाल्यांसाठी यांच्या जागी ‘पॅरामस्ट्र(०)’, ‘एफस्प्लिट’ आणि ‘एफएक्स्पांड’ आहेत, काम तेच.

असेंब्लीतून थेट डॉसला विचारणारा कोड दिसला, तर इंटरप्ट २१ हेक्सचं फंक्शन ४७ हेक्स चालू डिरेक्टरी देतं. त्यात ड्राइव्हचं अक्षर नसतं आणि सुरुवातीचा बॅकस्लॅशही नसतो. दोन्ही आपण लावायचे. ड्राइव्ह वेगळी विचारायची, फंक्शन १९ हेक्सने. तिथे शून्य म्हणजे ए ड्राइव्ह. ४७ मध्ये मात्र १ म्हणजे ए आणि शून्य म्हणजे चालू ड्राइव्ह. ही विसंगती डॉसचीच आहे, तुम्ही वेडे झालेला नाहीत.

सीमध्ये पाथ लिहिताना बॅकस्लॅश दोनदा द्यायचा, हे सगळ्यांना सांगितलेलं असतं आणि सगळे विसरतात. फोल्डरचं नाव ‘न्यू’ असेल आणि आधी एकच बॅकस्लॅश असेल, तर बॅकस्लॅश आणि इंग्रजी एन मिळून नव्या ओळीची खूण होते. ‘टेबल’ किंवा ‘टेस्ट’च्या आधी असेल तर टॅब. पाथ पडद्यावर छापून बघितला की दोन ओळींत तुटलेला दिसतो आणि कारण लगेच कळतं.

डॉसबॉक्सबद्दल एवढं लक्षात असू द्या की त्यातली सी ड्राइव्ह म्हणजे विंडोजची सी ड्राइव्ह नव्हे. ‘माउंट’ कमांडने जे फोल्डर सी म्हणून जोडलं असेल, त्याच्या आतलंच जग प्रोग्रॅमला दिसतं. तिथे मिळालेला ‘सी:\टर्बोसी३\बिन’ विंडोजमध्ये शोधायचा, तर ‘सी:’च्या जागी माउंट केलेल्या फोल्डरचा पाथ ठेवा.

पायरी ५: फॉक्सप्रो

फॉक्सप्रोत पाथ काढायची साधनं इतरांपेक्षा चांगली आहेत. उघड्या टेबलाचा पूर्ण पाथ हवाय? ‘डीबीएफ()’ विचारा, मिळतो. फॉक्सप्रो तो स्वतः जपून ठेवतं. चालू जागेसाठी ‘सिस(५) + सिस(२००३)’ ही जोडी जुन्या कोडमध्ये हमखास दिसेल. पहिलं ड्राइव्ह देतं, दुसरं डिरेक्टरी. प्रोग्रॅमच्या घरासाठी ‘सिस(१६, ०)’ आणि त्यातून फोल्डर वेगळं करायला ‘जस्टपाथ()’. शून्य न देता नुसतं ‘सिस(१६)’ एखाद्या प्रोसीजरमधून वापरलं, तर पाथच्या आधी ‘प्रोसीजर’ हा शब्द आणि त्या प्रोसीजरचं नाव चिकटून येतं. पुढचा कोड मग तेच पाथ समजून चालतो आणि आपटतो.

आता खरी ग्यानबाची मेख. फॉक्सप्रोत ‘सेट पाथ टू’ देऊन शोधायच्या फोल्डरांची यादी ठेवता येते. ‘यूज खाते’ म्हटलं, की टेबल आधी डीफॉल्ट डिरेक्टरीत शोधलं जातं आणि नाही मिळालं तर त्या यादीत. पण नवी फाइल तयार करताना, ‘कॉपी टू’ने म्हणा किंवा ‘क्रिएट टेबल’ने, ही यादी बघितलीच जात नाही. नवी फाइल सरळ डीफॉल्ट डिरेक्टरीत पडते. म्हणजे वाचन एकीकडून आणि लेखन दुसरीकडे. रात्री ‘कॉपी टू’ने त्याच नावाने बनवलेली फाइल डीफॉल्टमध्ये पडून राहते. पुढच्या वेळी ‘यूज’ तीच आधी उचलतं, कारण डीफॉल्टचा नंबर पहिला. सर्व्हरवरच्या मूळ टेबलाकडे मग कुणी फिरकतच नाही, आणि त्या दिवसापासून या एका मशीनवरचे आकडे बाकीच्यांशी जुळत नाहीत.

‘फुलपाथ()’ वापरताना जपून. फाइल डीफॉल्टमध्ये किंवा यादीत सापडली तर तिचा खरा पाथ देतं. कुठेच सापडली नाही, तरी डीफॉल्ट डिरेक्टरीत ती आहे असं धरून पाथ देतं, तोही ठणठणीत आत्मविश्वासाने. म्हणून त्याच्या उत्तरावर ‘फाइल()’ने खात्री करून घ्या.

पायरी ६: व्हिज्युअल बेसिक ६

इथे थोडं थांबू, कारण तुमच्या वाट्याला येणारे बहुतेक प्रोग्रॅम यातलेच असतील.

घराचा पाथ: ‘ॲप.पाथ’. चालू डिरेक्टरी: ‘कर डिर’. या दोघांची अदलाबदल कधीही करू नका. डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे व्हीबीच्या खिडकीतून ‘रन’ दाबून चालवताना, ‘ॲप.पाथ’ प्रोजेक्ट फाइल जिथे आहे ते फोल्डर देतं. प्रोजेक्ट अजून सेव्हच केलेला नसेल, तर व्हीबीचं स्वतःचं फोल्डर. ॲक्टिव्हएक्स डीएलएलच्या (दुसऱ्या प्रोग्रॅमने वापरायच्या कोडच्या वेगळ्या फाइलच्या) आत विचारलं तर डीएलएलचं घर मिळतं, तिला बोलावणाऱ्या ईएक्सईचं नव्हे.

‘ॲप.पाथ’च्या शेवटी बॅकस्लॅश नसतो. अपवाद एकच: प्रोग्रॅम ड्राइव्हच्या मुळाशी असेल, तर ‘सी:\’ असा बॅकस्लॅशसकट येतो. नवशिके ‘ॲप.पाथ & "खाते.एमडीबी"’ असं जोडतात आणि ‘सी:\पतपेढी’ फोल्डरमध्ये जायची फाइल सी ड्राइव्हच्या मुळाशी ‘पतपेढीखाते.एमडीबी’ या जोडनावाने तयार होते. एखाद्या जुन्या मशीनच्या सी ड्राइव्हवर अशी जोडनावाची फाइल दिसली, की काय झालंय ते न विचारता कळतं. उलट प्रत्येक ठिकाणी डोळे मिटून "\" जोडला, तर मुळाशी असताना दोन बॅकस्लॅश होतात. विंडोज बहुतेक वेळा ते चालवून घेतं, पण दोन पाथ सारखे आहेत का हे तपासणारा कोड फसतो. म्हणून हे एवढंसं फंक्शन मॉड्यूलमध्ये टाकून ठेवा:

फंक्शन स्लॅशलावा(बायव्हॅल पी ॲज स्ट्रिंग) ॲज स्ट्रिंग
  इफ राइट$(पी, १) = "\" देन
    स्लॅशलावा = पी
  एल्स
    स्लॅशलावा = पी & "\"
  एंड इफ
एंड फंक्शन

आणि मग सगळीकडे: स्लॅशलावा(ॲप.पाथ) & "खाते.एमडीबी". जुन्या फॉर्मवर ड्राइव्ह, डिरेक्टरी आणि फाइल अशा तीन लिस्टबॉक्सचं त्रिकूट असतं. तिथेही हेच फंक्शन: स्लॅशलावा(फाइल१.पाथ) & फाइल१.फाइलनेम. त्यातलं ‘फाइलनेम’ फक्त नाव देतं, पाथ देत नाही. ‘डिर’ फंक्शनचंही तेच. ‘डिर("सी:\पतपेढी\*.डीबीएफ")’ला उत्तर येतं नुसतं ‘खाते.डीबीएफ’. फोल्डर तुम्हीच दिलं होतं, ते तुम्हीच लक्षात ठेवायचं.

आता कॉमन डायलॉग, म्हणजे फाइल निवडायची विंडोजची तयार खिडकी. ‘शो ओपन’ झाल्यावर ‘फाइलनेम’मध्ये पूर्ण पाथ असतो आणि ‘फाइल टायटल’मध्ये नुसतं नाव. इथे पूर्ण पाथ आयता मिळतो, म्हणून पायरी २ मधली सवय इथेच कामी आणा आणि लगेच व्हेरिएबलमध्ये घ्या. एकाहून जास्त फाइली निवडायची परवानगी दिली असेल, तर त्याच ‘फाइलनेम’मध्ये आधी फोल्डर आणि मग एकेक नाव येतं. एक्सप्लोरर पद्धतीच्या डायलॉगमध्ये मधला विभाजक शून्य कोडचं अक्षर असतं, जुन्या पद्धतीच्या डायलॉगमध्ये स्पेस. पण वापरणाऱ्याने एकच फाइल निवडली, तर नेहमीसारखा सलग पाथ. दोन्ही प्रकार हाताळावे लागतात.

याच डायलॉगचा एक दुष्परिणाम आहे आणि माझ्या मते ‘फाइल सापडत नाही’ या तक्रारींचा सर्वांत मोठा कारखाना तोच. वापरणाऱ्याने फाइल निवडली, की चालू डिरेक्टरी त्या फाइलच्या फोल्डरवर सरकते. कारकून सकाळी प्रोग्रॅम सुरू करतो, सगळं ठीक. दुपारी कुणीतरी पेनड्राइव्हवर यादी आणून देतं. तो ‘आयात’ दाबून पेनड्राइव्हवरची फाइल निवडतो. संध्याकाळी ‘दैनिक अहवाल’ काढतो, आणि कोडमध्ये आहे ‘ओपन "दैनिक.टीएक्सटी" फॉर अपेंड’. फोल्डर दिलेलं नाही, म्हणून फाइल पेनड्राइव्हवर तयार होते. पेनड्राइव्ह ज्याचा तो काढून घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम नव्याने सुरू झाल्यावर सगळं पुन्हा जागेवर, फक्त कालचा अहवाल गायब. तुम्ही तपासायला जाल तेव्हा हे काही केल्या घडत नाही, कारण तुम्ही ‘आयात’ दाबत नाही.

‘नो चेंज डिर’ नावाचा एक फ्लॅग आहे, किंमत ८. पण विंडोजच्या कागदपत्रांतच लिहून ठेवलंय की ओपन डायलॉगसाठी तो लागू पडत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. काही जण प्रोग्रॅमच्या सुरुवातीला ‘चेंज ड्राइव्ह’ आणि ‘चेंज डिर’ला ‘ॲप.पाथ’ देऊन चालू डिरेक्टरी घरी आणतात. सुरुवातीपुरतं ते ठीक, पण पहिल्याच डायलॉगनंतर पुन्हा तेच. शिवाय प्रोग्रॅम ‘\\सर्व्हर\पतपेढी’ अशा नेटवर्क पाथवरून चालत असेल, तर ड्राइव्हचं अक्षरच नसल्यामुळे ‘चेंज ड्राइव्ह’ अडतं. मला ही पद्धत पटत नाही. प्रत्येक ‘ओपन’, प्रत्येक ‘किल’ (फाइल पुसायची आज्ञा), प्रत्येक डेटाबेस कनेक्शन पूर्ण पाथनेच द्यावं. जुन्या प्रोजेक्टमध्ये ‘ओपन "’ असा शोध घ्या, अवतरणचिन्हानंतर लगेच नाव सुरू होत असेल तिथे थांबा आणि दुरुस्त करा. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचंय.

एररचा आकडाही पुष्कळ सांगतो, तो मेसेजबॉक्सच्या मजकुरात हरवू देऊ नका. ५३ म्हणजे फोल्डर सापडलं, त्यात फाइल नाही. ७६ म्हणजे पाथमधला फोल्डरचाच भाग चुकलाय. ७५ आला तर परवानगीकडे बघा, फाइल फक्त वाचायची आहे का किंवा त्या नावाचं फोल्डरच आहे का ते तपासा. आणि ‘अपेंड’ किंवा ‘आउटपुट’ने फाइल उघडली असेल, तर फाइल नसली तरी एरर येतच नाही. ती गुपचूप नवी तयार होते. पेनड्राइव्हवाला प्रकार इतका शांतपणे घडतो तो यामुळेच.

पायरी ७: अर्धवट पाथ पूर्ण करणं

कधी कधी पाथ बाहेरून येतो. सेटिंग ठेवायच्या आयएनआय फाइलमध्ये कुणी ‘..\डेटा\खाते.एमडीबी’ लिहिलेलं असतं, किंवा कमांड लाइनवरून नुसतं नाव. त्याचा पूर्ण पाथ करायला दोन वाटा आहेत. स्क्रिप्टिंग लायब्ररीतल्या फाइल सिस्टिम ऑब्जेक्टचं ‘गेट ॲब्सोल्यूट पाथ नेम’, किंवा थेट विंडोजचं ‘गेट फुल पाथ नेम’. दुसऱ्यासाठी २६० अक्षरांचा बफर आधी भरून द्यावा लागतो आणि फंक्शन जितकी अक्षरं परत करतं तितकीच ‘लेफ्ट$’ने कापून घ्यायची. नाहीतर शेपटीला शून्यं लटकत राहतात आणि पुढे जोडलेलं काहीच दिसत नाही.

दोन्ही फंक्शनं चालू डिरेक्टरीच्या आधाराने हिशेब करतात, घराच्या नाही. आणि फाइल खरोखर आहे का, हे दोघंही बघत नाहीत. निव्वळ अक्षरांची जोडतोड. म्हणून ‘..\डेटा’ मिळालं तर आधी त्याच्या सुरुवातीला स्लॅशलावा(ॲप.पाथ) जोडा आणि मग त्याला पूर्ण करायला द्या. कमांड लाइनवरून आलेल्या नावाला अवतरणचिन्हं असली तर ती आधी काढा.

विंडोज ९५ पासून लांब नावांबरोबर ‘प्रोग्रा~१’ अशी आखूड नावंही आली. एकच फाइल दोन पाथांनी ओळखली जाते. तुलना करायची तर दोन्ही बाजू ‘गेट लाँग पाथ नेम’मधून काढा आणि सगळी अक्षरं कॅपिटल करणारं ‘यूकेस’ लावा. हे फंक्शन विंडोज ९५ वर नव्हतं, पण आज ती अडचण कुणाला येईल असं वाटत नाही.

पायरी ८: पाथ बरोबर, फाइल दुसरीकडेच

इथवर सगळं नीट केलं आणि तरी एक्सप्लोररमध्ये फाइल दिसत नाही, तर विंडोजनेच तिला मध्ये वळवलंय.

‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये साध्या वापरकर्त्याला लिहायला बंदी आहे. पण जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून व्हिस्टापासून विंडोज त्यांना खोटं सांगतं. व्हीबी-६चा प्रोग्रॅम तिथे लिहायला गेला, की ते लेखन परस्पर ‘सी:\युजर्स’मधल्या त्या माणसाच्या फोल्डरात, ‘ॲपडेटा\लोकल\व्हर्च्युअलस्टोअर’च्या खाली जातं. प्रोग्रॅमला मात्र फाइल जुन्याच पाथवर आहे असंच दिसतं. ‘ॲप.पाथ’ छापून बघा, ‘डिर’ने तपासा, सगळं तसंच सांगेल. मशीनवर दोन विंडोज लॉगिन असतील, तर दोघांच्या दोन वेगळ्या प्रती होतात. सकाळच्या पाळीतली शिल्लक दुपारच्या पाळीला दिसत नाही आणि संशय माणसांवर जातो. टास्क मॅनेजरच्या ‘डीटेल्स’मध्ये ‘यूएसी व्हर्च्युअलायझेशन’ हा रकाना सुरू करून बघा. ‘एनेबल्ड’ दिसलं तर सरळ व्हर्च्युअलस्टोअर उघडा. उपाय म्हणजे डेटा ‘प्रोग्रॅम फाइल्स’च्या बाहेर हलवणं. आधी मात्र प्रत्येक लॉगिनची प्रत वेगळी काढून ठेवा, कुठली खरी ते नंतर ठरवता येईल.

६४ बिट विंडोजवर ३२ बिट प्रोग्रॅमने ‘सिस्टिम३२’ म्हटलं, की त्याला परस्पर ‘सिसवॉव६४’ मिळतं. शेड्युलरने ‘सिस्टिम३२’मध्ये उभ्या केलेल्या प्रोग्रॅमच्या फाइली तिथे शोधा.

‘सबस्ट’ने बनवलेली खोटी ड्राइव्ह असेल, तर कमांड प्रॉम्प्टवर नुसतं ‘सबस्ट’ द्या, कुठली ड्राइव्ह कुठल्या फोल्डरची ते छापून येतं. नेटवर्कवरून जोडलेल्या ड्राइव्हसाठी ‘नेट यूज’. एका मशीनवरची ‘झेड:’ दुसऱ्या मशीनवर वेगळ्याच फोल्डरची असू शकते, म्हणून पाथ नोंदवून ठेवायचा असेल तर ‘\\सर्व्हर\...’ या रूपात ठेवा. कोडमधून तो काढायला ‘डब्ल्यूनेट गेट कनेक्शन’ आहे.

पायरी ९: सुरुवातीलाच नोंद ठेवा आणि मुद्दाम त्रास देऊन बघा

प्रोग्रॅम सुरू होताच एका लॉग फाइलमध्ये चार ओळी लिहायला लावा: ‘ॲप.पाथ’, ‘कर डिर’, कमांड लाइन, आणि डेटाबेसचा पूर्ण पाथ. लॉग फाइलचा स्वतःचा पाथही पूर्ण द्या, नाहीतर तीच शोधत बसावं लागेल. प्रत्येक डायलॉगनंतर ‘कर डिर’ पुन्हा नोंदवलात, तर पेनड्राइव्हसारखा प्रकार लॉगमध्ये आपोआप दिसतो.

मग ईएक्सई आधी ड्राइव्हच्या मुळाशी ठेवून चालवा, नंतर नावात स्पेस असलेल्या फोल्डरमधून. ‘स्टार्ट इन’ मुद्दाम ‘सी:\विंडोज’ करून शॉर्टकटने उघडा. ड्राइव्ह न जोडता नेटवर्क पाथवरून चालवा. शेवटी प्रशासक नसलेल्या लॉगिनने. प्रत्येक वेळी डायलॉगमधून पेनड्राइव्हवरची एक फाइल निवडा, मग अहवाल काढा, आणि लॉगमधला पाथ ‘डिर /एस /बी’च्या उत्तराशी ताडून बघा. प्रशासक नसलेल्या लॉगिनच्या फेरीत ‘डिर’ने व्हर्च्युअलस्टोअरमधली प्रत दाखवली आणि लॉगने ‘प्रोग्रॅम फाइल्स’, तर पायरी ८ कडे परत जा.